कळतं पण वळत नाही : मुलांना संयम शिकवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

माझी मुलगी अडीच वर्षांची असतानाची गोष्ट. भिंतीवरच्या प्लगपाशी उभी होती, एक बोट पुढे काढून. तोंडाने पुटपुटत होती, "हात नाही लावायचा, हात नाही लावायचा." आणि पुटपुटता पुटपुटता बोट प्लगकडे सरकत होतं. मी झडप घालून तिला उचललं आणि सगळे आईबाप म्हणतात तेच म्हणालो, "कितीदा सांगितलं तुला?" वास्तविक सांगितलेलं तिला तोंडपाठ होतं. माझ्यासमोर म्हणूनच दाखवत होती.

कळतं पण वळत नाही, असं आपण वैतागून म्हणतो. लहान मुलाच्या मेंदूचं याहून नेमकं वर्णन मला तरी माहीत नाही. कळणं आधी येतं, वळणं कित्येक वर्षांनी. मधल्या काळात मुलाला वळवण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं, आणि ते अशा बेताने करावं लागतं की हळूहळू मुलानेच ते आपल्या हाती घ्यावं. घरात नुकतंच मूल आलेल्यांसाठी किंवा मुलं सांभाळायचं काम नव्यानेच सुरू केलेल्यांसाठी त्याच्या या काही पायऱ्या.

आधी मेंदूबद्दल थोडं

नवजात बाळाचा मेंदू साधारण ३५० ते ४०० ग्रॅमचा असतो. सहाव्या वर्षापर्यंत तो आकाराने मोठ्यांच्या मेंदूच्या ९० टक्क्यांच्या घरात पोचतो. आपली फसगत इथेच होते. डोकं मोठं झालं, बोलणं चुरूचुरू, म्हणजे अक्कलही आली असं आपण धरून चालतो. आकार झालेला असतो, जोडणीचं काम मात्र बरंच बाकी असतं.

पहिल्या काही वर्षांत चेतापेशींमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार होतात. पुढे वापरातल्या टिकतात आणि पडून राहिलेल्या छाटल्या जातात. टिकलेल्या वाटांवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण चढतं आणि त्यांवरून संदेश कितीतरी वेगाने धावू लागतात. हे काम मेंदूत सगळीकडे एकाच वेळी उरकत नाही. बघणं, ऐकणं, हातपाय हलवणं सांभाळणारे भाग लवकर तयार होतात. कपाळामागचा भाग, ज्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात, तो सगळ्यांत शेवटी, पंचविशीच्या आसपास.

नेमका हाच भाग संयमाचा कारभार बघतो. त्याची कामं मुख्यतः तीन : उठलेली ऊर्मी थोपवणं, सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं, आणि नियम बदलला की आपणही बदलणं. "खेळ आवर, हात धू आणि मग पुस्तक घेऊन ये" एवढं आपण सहज बोलून जातो. त्यात ही तिन्ही कामं येतात, आणि ती ज्याला करायची त्या मुलाचा कारभारी अजून उमेदवारीवर असतो.

पायरी १ : वय बघून अपेक्षा ठेवा

आठ-दहा महिन्यांच्या बाळाबरोबर हा खेळ करून बघा. दोन सारखी फडकी घ्या. एकाखाली खेळणं लपवा, बाळाला शोधू द्या. असं दोन-तीनदा झालं की त्याच्या डोळ्यांदेखत ते दुसऱ्या फडक्याखाली ठेवा आणि काही सेकंद थांबा. बाळ बहुतेक वेळा पहिल्याच फडक्याकडे हात घालतं. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांनी ही गंमत नोंदवली होती. त्यांचा निष्कर्ष असा की वस्तू नजरेआड झाली तरी ती असते, हे बाळाला अजून नीट उमगलेलं नाही. पुढे अडेल डायमंड यांनी बारकाईने पाहिलं तेव्हा दिसलं की काही बाळं बघतात बरोबर जागी, हात मात्र जुन्याच जागी जातो. डोळ्याला कळलंय, हाताला वळलेलं नाही.

तीन वर्षांच्या मुलाचंही तेच. फिलिप झेलाझो यांच्या प्रयोगात मुलांना चित्रांचे पत्ते रंगाप्रमाणे वेगळे करायला सांगतात. थोड्या वेळाने सांगतात, आता रंग सोडा, आकार बघा. तीन वर्षांची बहुतेक मुलं रंगावरच अडकून राहतात. "नवा नियम काय?" असं विचारलं तर अचूक सांगतात, आणि पुढचा पत्ता पुन्हा रंगानेच टाकतात. पाच वर्षांच्या मुलांना हे सहसा जमतं.

म्हणून "समजत असून मुद्दाम करतो" हा आरोप तीनचाराच्या आतल्या मुलावर करताना दहादा विचार करावा. ढोबळ अंदाज असा ठेवा : दीड-दोन वर्षांचं मूल तुम्ही शेजारी असलात तर थांबेल, पाठ फिरली की नाही. तीन ते पाच या काळात सगळ्यांत मोठी झेप दिसते. सात-आठच्या पुढे मूल बेत आखू लागतं, जरी तो तडीस जाईलच असं नाही. यात मागेपुढे होणारच. शेजारच्या मुलाशी तुलना करून हाती काही लागत नाही, शेजाऱ्यांशी अबोला मात्र होऊ शकतो.

पायरी २ : मोह डोळ्यांआड करा

स्टॅनफर्डमधल्या वॉल्टर मिशेल यांच्या गोड पदार्थाच्या प्रयोगाबद्दल बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं : आत्ता एक खा, किंवा मी परत येईपर्यंत थांब आणि जास्त आवडतं ते घे. त्यातली एक बाजू फारशी सांगितली जात नाही. एबेसन यांच्याबरोबर १९७० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन्ही खाऊ समोर ठेवले तेव्हा मुलं सरासरी जेमतेम मिनिटभर थांबली. खाऊ नजरेआड केल्यावर तशाच मुलांचा गट अकरा मिनिटांच्या वर थांबला. दोन गटांत फरक होता तो फक्त खाऊ दिसण्या न दिसण्याचा.

काहींचं म्हणणं असतं, काचेचं सामान हाताशी असू दे, त्याशिवाय हात आवरायला शिकणार कसं? माझ्या मते या मार्गाने दोनच गोष्टी साधतात : काच फुटते आणि दिवसभर रागवणं होतं. जे नको ते उंचावर ठेवा, कपाट बंद करा, चार्जर काढून ठेवा. गोष्ट सांगायच्या वेळी टीव्ही चालू ठेवून "तिकडे बघू नकोस" म्हणण्यापेक्षा टीव्ही बंद करा. मोठी माणसंही संयम बऱ्याच अंशी असाच पाळतात. मी रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो तो काही मी फार निग्रही आहे म्हणून नव्हे.

पायरी ३ : भडका उडाला की आधी विझवा, शिकवणी नंतर

नवखे पालक सगळ्यात जास्त गांगरतात ते इथे. मूल जमिनीवर लोळण घेतं, भोकाड पसरतं, हातात येईल ते भिरकावतं, आणि आपल्याला वाटतं की हीच वेळ आहे धडा शिकवायची. तसं बघितलं तर याहून वाईट वेळ नाही. तीव्र ताणाखाली प्रीफ्रंटल भागाचं काम मंदावतं, मोठ्यांचंसुद्धा. मुलाचा तर तो मुळातच कच्चा. अशा वेळी दिलेलं व्याख्यान कानापर्यंत पोचतं, पुढे जात नाही.

काय करायचं ते क्रमाने सांगतो. पहिलं, इजा होणार नाही असं बघा : टोकदार वस्तू बाजूला करा, मारायला उगारलेला हात हळू पण घट्ट धरा. दुसरं, खाली बसा. उभ्या मोठ्या माणसाचा आवाज वरून कोसळतो, बसलेल्याचा समोरून येतो. तिसरं, कमीत कमी शब्द. "खूप राग आलाय. मी इथेच आहे." एवढं पुरे. चौथं, ज्यासाठी रडारड चालली आहे ती गोष्ट रडणं थांबवण्यासाठी देऊ नका. पाचवं, वाट बघा. हे पाचवं सगळ्यात अवघड, कारण तेव्हा परीक्षा आपल्या कपाळामागच्या भागाची असते. आपला श्वास संथ, आवाज खालचा असला की मूल त्याला धरून खाली उतरतं. तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन थोपटतो तेव्हा हेच चाललेलं असतं, फक्त त्या वेळी कुणी त्याला लाड म्हणत नाही.

शांत झाल्यावर, पाणी वगैरे पिऊन झाल्यावर, दोन वाक्यांत बोला. काय झालं, आणि पुढच्या वेळी काय करता येईल. दोन म्हणजे दोनच.

दर वेळी फोन हातात देऊन गप्प करण्याबद्दलही सांगायला हवं. रडणं चुटकीसरशी थांबतं, खरं आहे. पण रागातून उतरून खाली येण्याचा जो सराव मुलाला मिळायचा, तो त्या वेळेपुरता बुडतो. आजारपणात, लांबच्या प्रवासात चालतं. रोजचा रिवाज होऊ देऊ नका.

आणि मारणं? मार बसला की मूल थांबतं ते भीतीने. भीती संपली, मारणारा खोलीबाहेर गेला, की थांबण्याचं कारणही त्याच्याबरोबर बाहेर जातं. शिवाय राग आला की हात उचलायचा, हे मुलाने आपल्याकडूनच पाहिलेलं असतं.

पायरी ४ : काय करायचं ते सांगा, आणि मुलाची पुटपुट ऐका

रशियातल्या अलेक्झांडर लुरिया यांनी लहान मुलांच्या हातात रबरी फुगा देऊन दिव्याच्या इशाऱ्यावर तो दाबायला किंवा न दाबायला सांगितलं. तीनसाडेतीन वर्षांची मुलं "नको दाबू" असं स्वतःच म्हणत आणि म्हणता म्हणताच दाबत. माझ्या मुलीचा प्लगचा किस्सा मला याच प्रयोगाबद्दल वाचल्यावर नीट कळला. या वयात शब्दाचा अर्थ मागे राहतो आणि त्याचा जोर तेवढा हाताला लागतो.

म्हणून "धावू नकोस"ऐवजी "हळू चाल". "ओरडू नकोस"ऐवजी "कानात सांग". "मारू नकोस" तर म्हणाच, पण लगेच पुढे "राग आला तर ही उशी दाब" असं हाताला काम द्या. एका वेळी एकच सूचना, मुलाच्या जवळ जाऊन, डोळ्यांत बघून. लांबून फेकलेल्या सूचना भिंतीसाठी असतात.

चार-पाच वर्षांची मुलं खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलतात : "आता हा लाल इथे... नाही, पडेल... हळूच." लेव वायगॉत्स्की यांच्या मते बाहेरून आलेली सूचना आतली होत जाण्याचा हाच टप्पा. आधी आपण मुलाशी बोलतो, मग मूल स्वतःशी मोठ्याने बोलतं, मग पुटपुटतं, आणि शेवटी ते बोलणं मनातल्या मनात होतं. तेव्हा "काय बडबडतोयस, गप्प बस" म्हणू नका. तिथे वळणाचं काम चालू असतं. उलट आपणही कधी कधी आपला विचार मोठ्याने बोलून दाखवावा : "किल्ली सापडत नाहीये, चिडायला होतंय मला. थांब, आधी पिशवी बघतो."

पायरी ५ : खेळ

सराव हवा, पण सराव म्हणून दिला की मुलं पळतात. खेळात मात्र तीच मुलं आपणहून स्वतःला आवरतात. झिनाईदा मानुइलेन्को यांनी १९४८ साली सोव्हिएत संघात मुलांना न हलता उभं राहायला सांगून पाहिलं. नुसतं "स्थिर उभा राहा" म्हटल्यावर चार ते सहा वर्षांची मुलं जितका वेळ थांबली, त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ती पहारेकऱ्याची भूमिका करताना थांबली. पहारेकरी हलत नसतो, हा नियम आता त्यांचा स्वतःचा झाला होता.

घरी करण्यासारखे खेळ अगदी साधे आहेत. गाणं थांबलं की पुतळा. टाळी वाजवली तर बसायचं, चुटकी वाजवली तर उठायचं, आणि दहा मिनिटांनी नेमकं उलट. डोकं म्हटलं की पायाला हात लावायचा. हळू वाजव, जोरात वाजव. तीन वर्षांच्या मुलाला पहिला खेळ पुरतो. उलटापालटीचे खेळ चार-पाचच्या पुढे. आऊट झालेल्याला बाजूला बसवू नका, कारण आऊट तोच होतो ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज असते. आणि कधी कधी आपण चुकायचं, मुलाला आपली चूक पकडू द्यायची. दुसऱ्याचा नियमभंग पकडण्यासाठी मूल नियम जितका घट्ट धरतं तितका एरवी धरत नाही.

दुकान-दुकान, डॉक्टर-डॉक्टर असले लुटुपुटीचे खेळ याच जातीचे. वेळ वाया जातोय असं वाटून ते आवरायला लावू नका.

पायरी ६ : दिलेला शब्द पाळा

मला स्वतःला ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि सल्ले देणारे नेमकी हीच गाळतात. २०१३ साली सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी मिशेल यांच्या प्रयोगात एक भर घातली. आधी मुलांना चित्रकलेचं जुनंपानं सामान दिलं आणि थांबलात तर चांगलं आणून देतो म्हणून सांगितलं. निम्म्या मुलांना ते खरंच मिळालं. उरलेल्यांना मोठ्या माणसाने येऊन सांगितलं, माफ करा, आमच्याकडे नाहीये. मग दोन्ही गटांना खाऊपाशी बसवलं. शब्द पाळलेला पाहणारी मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. फसवली गेलेली तीन मिनिटं. प्रयोग छोटा होता, २८ मुलांचाच, पण फरक डोळ्यांत भरणारा.

फसवल्या गेलेल्या मुलांत संयम कमी होता असं म्हणता येईल का? मला तर त्यांचा हिशेब चोख वाटतो. मिळणारच नसेल तर थांबायचं कशासाठी? "पाच मिनिटांत येतो" म्हणून आपण अर्ध्या तासाने येतो, "उद्या नक्की" म्हणून विसरतो, तेव्हा मूल थांबण्याचा व्यवहार तोट्याचा आहे हे शिकत असतं. त्यामुळे जमणार नसेल तर कबूल करू नका. कबूल केलंत तर करा. अगदीच नाही जमलं तर टाळाटाळ न करता तोंडावर सांगा आणि भरपाई करा.

जाता जाता : जे मूल खाऊसाठी थांबलं ते पुढे यशस्वी होतं, असं जे सर्रास सांगतात ते जरा सैल हाताने धरावं. टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली तेव्हा तो संबंध मूळ अभ्यासांपेक्षा निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती वगैरे जमेस धरल्यावर त्यातलाही बराचसा विरला. मग संयमाला काही अर्थच नाही का? तसंही नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. तिथे खाऊच्या एका परीक्षेवर न विसंबता तीन ते अकरा वर्षांपर्यंत आईवडील, शिक्षक, निरीक्षक आणि पुढे खुद्द मुलं अशा अनेकांकडून वागणुकीच्या नोंदी घेतल्या गेल्या. लहानपणी ज्यांना स्वतःला जास्त आवरता येत होतं त्यांची तब्येत आणि पैशाची घडी बत्तिसाव्या वर्षी सरासरीने बरी होती. आणि मधल्या वर्षांत ज्यांचा संयम वाढला, त्यांचंही अपेक्षेपेक्षा बरं चाललं होतं.

पायरी ७ : झोप आणि भूक

थोडक्यात सांगतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते, सहा ते बाराला ९ ते १२ तास, तेरा ते अठराला ८ ते १० तास. संध्याकाळचे हट्ट वाढले असतील तर वागणूक सुधारायला निघण्याआधी चार दिवस झोपेची आणि खाण्याची वेळ लिहून काढा. निम्मी भांडणं तिथेच सापडतील.

मूल वयात आलं की

तेराचौदाच्या वयात सगळं पुन्हा ढिलं झाल्यासारखं वाटतं. भावना आणि बक्षिसाची ओढ सांभाळणारे भाग या वयात फार तेज होतात, आणि आवरणारा भाग अजून दहा वर्षं मागे असतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली गाडी चालवण्याचा संगणकी खेळ देऊन पाहिलं. मित्र शेजारी बघत असले की किशोरवयीन मुलांनी एकट्याने खेळताना घेतला त्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करला. मोठ्या माणसांत मित्र असण्या नसण्याने फारसा फरक पडला नाही.

तेव्हा धोक्यांची यादी ऐकवून फारसं साधत नाही, ती त्यांना पाठ असते. मित्रांसमोर अडचण आली तर काय म्हणायचं हे आधी ठरवून ठेवणं जास्त उपयोगी : "गाडी चालवणारा प्यायलेला असेल तर मी घरी फोन करणार, आणि त्या रात्री घरचे प्रश्न विचारणार नाहीत." असं झालं तर तसं करायचं, हा बेत शांत डोक्याने आधी पक्का झालेला हवा. आणि प्रश्न खरंच विचारू नका. सहावी पायरी इथेही लागू आहे.

मदत कधी घ्यावी

समवयस्क मुलांच्या मानाने फारच मोठा फरक असेल, तो घरी आणि शाळेतही दिसत असेल आणि महिनोन् महिने टिकला असेल. मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल. किंवा आधी जमत असलेल्या गोष्टी अचानक सुटल्या असतील, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. कान आणि डोळेही तपासून घ्या. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला ऐकत नाही म्हणून बोल लावला जातो, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

सुरुवात मात्र एकाच ठिकाणापासून करा. दिवसातली रोजच्या भांडणाची एकच वेळ निवडा, समजा रात्री झोपायची. त्या वेळेपुरतं खेळणं नजरेआड, सूचना एक, आवाज खालचा, कबूल केलेली गोष्ट न चुकता. तीन आठवडे दुसऱ्या कशाला हात लावू नका. मधेच एखाद्या रात्री तुमचाच तोल जाईल, ओरडाल. मग मुलापाशी जाऊन "मी ओरडलो, चुकलं माझं" एवढं म्हणा आणि दुसऱ्या रात्री पुन्हा सुरू करा.